कुलाबा म्हणजे कुठला कुलाबा?

गेल्या डिसेंबरात एक बाई इस्रायलहून आल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढचं. मराठी बोलत होत्या, तेही आपल्या अलिबागकडचं, आजीच्या तोंडून उचललेलं. मला पाहिल्या पाहिल्या म्हणाल्या, "बाय, तू कोनाची?" आणि मी तिथेच विरघळले.

त्यांच्या हातात एक छापील कागद होता. वंशावळीच्या एका संकेतस्थळावरची पणजोबांची नोंद. मृत्यू १९३४. दफन : ज्यू सिमेटरी, कुलाबा, मुंबई. या कागदाच्या भरवशावर बाई दोन दिवस मुंबईतल्या कुलाब्यात फिरल्या. चर्चमध्ये विचारलं, पोलीस चौकीत विचारलं, हॉटेलातल्या मुलांना विचारलं. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं, "आडनाव काय तुमचं?" आडनाव ऐकून तो म्हणाला, "अहो, हे तर अलिबागकडचं गाव. गेटवेवरून मांडव्याची लाँच पकडा." दोन दिवस ज्या धक्क्याच्या आसपास त्या वणवण करत होत्या, तिथूनच पणजोबांकडे जायची वाट होती.

चूक कुठे झाली ते कळायला मला वेळ लागला नाही, कारण माझ्या शाळेच्या दाखल्यावरही जिल्हा कुलाबाच आहे. आपला कुलाबा जिल्हा १९८१ साली रायगड झाला. १९३४ साली ज्याने "कुलाबा, बॉम्बे" असं लिहिलं, त्याने जिल्हा आणि इलाखा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला प्रांत, लिहिला होता, आणि ते अगदी बरोबर होतं. पुढे कोणीतरी ती नोंद संगणकावर भरताना यादीत सुचवलेलं पहिलं नाव निवडलं, आणि एक माणूस मेल्यानंतर इतक्या वर्षांनी समुद्र ओलांडून मुंबईत जाऊन पडला.

वंशावळीच्या नोंदीत कब्रस्तानाची जागा कशी लिहावी, यावर त्या दिवसापासून मी बोलते आहे, आणि आज सविस्तर लिहिते आहे. माणूस गेला तेव्हा ते गाव कुठल्या राज्यात होतं, ही एक गोष्ट. त्याचं थडगं आज कुठे सापडेल, ही वेगळी गोष्ट. या दोन गोष्टी एकाच रकान्यात कोंबू नका. मृत्यूची नोंद त्या काळच्या नावाने करा, म्हणजे जुने कागद शोधताना तीच नावं हाताशी येतात. पण कब्रस्तान आजही जागेवर उभं आहे. त्याचा पत्ता आजचाच लिहायला हवा, कारण तिथे जाणारा माणूस आजच्या एसटीने जाणार आहे.

सावंतवाडीचं पाहा. तिथे १९४० साली पुरलेला माणूस सावंतवाडी संस्थानात गेला. शेजारच्याच कबरीतला १९६५ चा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात गेला, कारण १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. तिसरा १९९० चा, तो सिंधुदुर्गात, कारण १ मे १९८१ ला जिल्हा वेगळा झाला. तिघे एकाच भिंतीच्या आत, हाताच्या अंतरावर. एकाच कुटुंबातले असले तरी ऑनलाइन नोंदीत तीन ठिकाणी विखुरतात. भाऊ-भाऊ शेजारी झोपले आहेत हे मग कोणाला कळणार?

मुरुड तर विचारूच नका. एक जंजिऱ्याचं मुरुड, एक दापोली तालुक्यातलं महर्षी कर्व्यांचं मुरुड. नुसतं "मुरुड, कोकण" लिहिणाऱ्याने पुढच्या पिढीला कित्येक खाड्यांपलीकडे पाठवलं असं समजा. पोर्तुगीजांच्या कागदातलं चौल म्हणजे बहुतेक वेळा आजचं रेवदंडा. इंग्रजांच्या कागदातलं फोर्ट व्हिक्टोरिया म्हणजे बाणकोट. ही नावं पुसू नका, पण त्यांच्या शेजारी आजचं गाव, तालुका आणि जिल्हा लिहिल्याशिवाय नोंद सोडूही नका.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा. जागेला लोक काय म्हणतात, ते नाव.

बाईंना घेऊन मी गावात गेले तेव्हा "ज्यू सिमेटरी" कोणालाही कळलं नाही. मिनिडोर रिक्षावाला मान हलवून मोकळा झाला. मग मी विचारलं, "इस्रायलांचं कब्रस्तान?" लगेच हात वर झाला, "ते काय, माडांच्या मागे." पाच मिनिटांत पोचलो. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू लोक, आपल्याकडे शेकडो वर्षं राहिले, तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनिवार तेली म्हणवले, गावांची नावं आडनावात घेऊन गेले. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर. चौलचं जुनं चेऊल हे रूप त्यांनी आडनावात जपलं. अशा लोकांच्या कब्रस्तानाचं गावाने ठेवलेलं नाव नोंदीतून गळावं, याचं मला फार वाईट वाटतं. त्यात ते स्वतः सिनेगॉगला, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळाला, मशीद म्हणत. "मशिदीमागचं कब्रस्तान" असं कोणी लिहून ठेवलं असेल आणि नोंद भरणाऱ्याला हे माहीत नसेल, तर नोंद चुकीच्या धर्माखाली जाईल.

म्हणून भाषांतर करू नका. रत्नागिरीत ब्रह्मदेशचा थिबा राजा पुरला आहे. १९१६ साली तो तिथेच कैदेत वारला. सगळं गाव त्या जागेला समाधी म्हणतं. मग समाधीच लिहा. शिवाय थिबा पॅलेस वेगळा आणि समाधी वेगळ्या जागी, तेही नीट लिहा. मोहल्ल्यातलं कब्रस्तान, पीर, सिमेटरी, मसण, गोसाव्यांच्या समाध्या, जे तोंडात आहे ते देवनागरीत लिहा. रोमनमध्ये एका अलिबागची चार स्पेलिंगं होतात, म्हणून तर देवनागरी हवीच.

आणि मोबाइलवरचं लोकेशन टाका, पण थडग्याशी उभं राहून. अक्षांश-रेखांशात दशांशानंतर पाच आकडे लिहिले तर जागा साधारण मीटरभरात नेमकी येते. दोनच लिहिले तर किलोमीटरभर इकडेतिकडे, आणि आपल्या किनाऱ्यावर किलोमीटर सरकलं की खूण थेट समुद्रात.

आम्ही जाळणारे लोक. माझ्या आजीचं थडगं नाही. तरी तिच्या नोंदीत मी "खाडीवरचं मसण" असं लिहिलं, पुढे वाडी, गाव, तालुका, जिल्हा. वहिनी म्हणाली, मसण कशाला, स्मशानभूमी लिही, बरं दिसतं. मी बदललं नाही. आजी स्वतः मसणच म्हणायची.

पणजोबांचा दगड सापडला. वर हिब्रू, खाली मराठी, पावसाने झिजलेली पण हात फिरवला की लागणारी अक्षरं. बाई खाली बसल्या आणि बोटाने एकेक अक्षर वाचत गेल्या. मराठीच वाचलं त्यांनी आधी. परत जाताना मी त्यांच्या कागदावरची ओळ खोडून दुसरी लिहून दिली : "इस्रायलांचं कब्रस्तान, माडांच्या वाडीमागे", मग गाव, ता. अलिबाग, जि. रायगड (१९३४ साली जि. कुलाबा, मुंबई इलाखा). त्यांच्या नातवाने ती रात्रीच संकेतस्थळावर चढवली.

चौल, रेवदंडा, किहीम, नवगाव, पेण, रोहा इथल्या माझ्या माणसांनो, तुमच्या वाडीच्या मागे जुनी थडगी असतील तर त्या जागेला घरातली म्हातारी माणसं काय म्हणतात, ते आजच विचारा आणि मला कळवा. मी रविवारी वही घेऊन निघते आहे. या खेपेला चौलपासून सुरुवात.