कॅसलचा शॉट आणि आपली घाई

स्टेफॉन कॅसल हा एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, सॅन अँटोनियोचा तरुण गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारा खेळाडू). त्याचा विषय निघाला की आमच्या ग्रुपवर ठरलेला वाद. "पोरगा चांगलाय, पण शूटिंग नाही. आजच्या एनबीएत शूटिंग नसलेला गार्ड काय कामाचा?" आणि पुरावा म्हणून एकच आकडा तोंडावर मारायचा: पहिल्या मोसमात (2024-25) थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट, 28.5 टक्के. आकडा खरा आहे. त्यावरून जो निकाल लावला जातो तो मला पटत नाही, म्हणून हे लांबण.

आधी 2024 चा ड्राफ्ट आठवा, म्हणजे संघ ओळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. तिसऱ्या नंबरवर ह्यूस्टनने रीड शेपर्डला घेतलं, चौथ्यावर सॅन अँटोनियोने कॅसलला. शेपर्डने केंटकी कॉलेजकडून थ्री मारले होते 52.1 टक्क्यांनी. कॅसलने यूकॉनकडून (कनेक्टिकट विद्यापीठ) 75 मारले, पडले 20. कागदावर तुलनाच नाही. पहिला मोसम संपला तेव्हा शेपर्ड बहुतेक वेळ बेंचवर, मिळाल्या तेवढ्या मिनिटांत 33.8 टक्के. आणि कॅसल रूकी ऑफ द इयर, म्हणजे नव्या पोरांतला सर्वोत्तम! शेपर्डला मोडीत काढायचं नाहीये मला, त्याचा हात अस्सल आहे. पण कॉलेजच्या तीसेक सामन्यांतली टक्केवारी किती मनावर घ्यायची, हा प्रश्न उरतोच.

साधं गणित आहे. ज्याचा खरा नेम 35 टक्क्यांचा आहे अशा खेळाडूला 100 शॉट द्या. कधी 30 पडतील, कधी 40. त्यात नवल काहीच नाही. पण 30 वाल्याला आपण "शूटर नाही" म्हणून मोकळे होतो आणि 40 वाल्याच्या रील्स फिरवतो. कॅसलच्या कॉलेजमधल्या 75 शॉट्सवरून कशाचाच पत्ता लागत नव्हता. एनबीएत मात्र त्याने पहिल्याच वर्षी तीनशेवर मारलेत, तेव्हा आज तो 35 चा शूटर नाही हे मीही म्हणतो. भांडण आजचं नाहीच, चार वर्षांनंतरचं आहे.

तिथे लोक फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा शॉट) बघायला सांगतात. बरोबर आहे. 15 फुटांवरून, अंगावर कोणी नाही, घाई नाही. हाताला मऊपणा आहे की नाही ते तिथेच कळतं. कॅसल कॉलेजात 75.5, एनबीएत 72.4. म्हणजे धड चांगलं नाही, धड वाईट नाही. पण यालाही ब्रह्मवाक्य मानू नका. लोन्झो बॉल पहिल्या वर्षी लेकर्सकडून फ्री थ्रो मारायचा 45.1 टक्क्यांनी. गार्ड! बॉल डोक्याच्या डाव्या बाजूला नेऊन तिथून सोडायचा, बघताना आपलीच मान अवघडायची. न्यू ऑर्लिन्सला गेल्यावर त्याने ती सवय मोडली, बॉल उजवीकडे आणला, आणि 2020-21 मध्ये फ्री थ्रो 78, थ्री जवळजवळ 38 टक्के. पुढे शिकागोत तर 42 च्या वर. मग 2022 च्या जानेवारीत गुडघा गेला आणि पावणेतीन वर्षं कोर्टच दिसलं नाही. आपण कोपराच्या कोनावर तावातावाने भांडतो आणि करिअरचा निकाल गुडघा लावून जातो, तो भाग वेगळा.

जेसन किडही त्यातलाच. 1994 ला डॅलसने दुसऱ्या नंबरवर घेतला, पहिल्या मोसमात थ्री 27.2 टक्के. त्याला 'एसन' म्हणून चिडवायचे, कारण 'जे' नाही, म्हणजे जंप शॉट नाही! 2013 ला निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 1,988 थ्री होते आणि त्या वेळी सर्वकालीन यादीत तो तिसरा होता.

माझ्या लेखी टक्केवारीपेक्षा मोठी खूण वेगळीच आहे: चार चुकल्यावर पोरगा पाचवा मारतो का? बेन सिमन्स आठवा. 2016 चा पहिला नंबर, पासिंग बघावं तर डोळे निवतील. 2021 च्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्या) फ्री थ्रो 34 टक्क्यांवर आले आणि अटलांटाविरुद्ध सातव्या सामन्यात रिंगखाली मोकळा असताना त्याने डंक न मारता (बॉल वरून थेट रिंगमध्ये न कोंबता) तो सोबतच्या थायबुलला देऊन टाकला. समोर होता कोण, तर त्याच्यापुढे ठेंगणा ट्रे यंग! ज्याने शॉट मारणंच सोडलं त्याला कुठला कोच काय शिकवणार? कॅसल कॉलेजात सामन्याला दोनेक थ्री मारायचा, एनबीएत चारेक मारायला लागला. पडत नसताना वाढवले. आणि त्याच्या शॉटमध्ये लोन्झोसारखं काही वेडंवाकडं नाही.

संध्याकाळी पोरांना खेळवताना मीही चुकलेलेच शॉट जास्त बघतो. बॉल रिंगच्या पुढच्या किंवा मागच्या कडेला लागून उडाला तर काळजी नाही, दिशा सरळ आहे. पाय आणि कमान मागाहून येतात. डावी-उजवीकडे भरकटला तर मनगट-कोपर तपासायचं. आपल्याकडे निवड चाचणीत पाच-सहा शॉट मारायला लावतात आणि किती पडले तेवढं वहीत लिहितात. असो.

"टोनी पार्करचं कुठे काय अडलं?" असंही कोणीतरी विचारतंच. करिअरचे थ्री 32 टक्के, आणि सॅन अँटोनियोकडून चार विजेतेपदं. पण पार्करचा काळ वेगळा. 2005 च्या सुमारास संघ सामन्याला 16 च्या आसपास थ्री मारायचे, आता 37 च्या आसपास. तेव्हा गार्डचा शॉट नसणं खपून जायचं. आता डिफेन्डर स्क्रीनच्या (त्याची वाट अडवायला उभ्या खेळाडूच्या) खालून आरामात जातो, पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या जागेत, पाय रोवून उभा राहतो आणि संघाचा मुख्य खेळाडू वेम्बान्यामाला आत वळायला जागाच ठेवत नाही. त्यात संघात डि'एरन फॉक्स आला, मग 2025 च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर डिलन हार्परही. तिघेही बॉल घेऊन आत घुसणारे. कॅसलच्या थ्रीची खरी अडचण ही आहे.

तर माझा अंदाज. कॅसल 38-40 चा शूटर होईल असं मला वाटत नाही. फ्री थ्रो 78 पर्यंत गेले तर थ्री 34 ला स्थिरावतील, आणि त्याला तेवढे पुरतील. सहा फूट सहा इंच उंची, समोरच्या संघाचा सगळ्यात भारी गार्ड याच्यावर सोपवायचा, धडक देऊन रिंगपर्यंत जायची ताकद, हे सगळं आजच आहे. संघाचा पहिला स्कोअरर तो नसेल. वेम्बान्यामा असताना ती गरजही नाही. यूकॉनला विजेतेपद मिळालं त्या वर्षीही बॉल बराच वेळ दुसऱ्यांच्याच हातात असायचा. हार्पर-फॉक्ससोबत त्याला पुन्हा कोपऱ्यात उभं राहावं लागणार. मोकळे, पाय रोवलेले, 22 फुटांवरचे शॉट. ड्रिबलवरचे चुकले तर मी सोडून देईन. पण हे कोपऱ्यातले पुढच्या मोसमात 30 च्या खाली राहिले, तर ग्रुपवाल्यांनो, पुढची पोस्ट तुम्ही लिहा.