माटुंग्यातला जावई

आमच्या सासूबाईंची यादी मराठीत असते, म्हणजे लिपीपुरती. त्या मूळच्या केरळातल्या पालघाटच्या, घरची भाषा तामिळ. 'चिन्न वेंगायम अर्धा किलो, पिकलेली नेंद्रम केळी सहा, कॉफी पाव किलो, मल्लिप्पू दोन मुळम.' खाली दोन रेघा मारून: 'दादरहून नको. माटुंगाच.'

1896 च्या प्लेगनंतर मुंबईकरांना मोकळी हवा मिळावी म्हणून इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा हा भाग आखला म्हणे. रविवारी सकाळी ती हवा दोन पिशव्या घेऊन माझ्या बरगडीत कोपर मारत होती.

भाजीवाल्यापुढे मी घसा खाकरून म्हणालो, "चिन्न वेंगायम!"

"सांबार कांदा ना? घ्या की भाऊ."

गडी जौनपूरचा. डावीकडच्या पाट्टींशी (म्हणजे आजींशी) तामिळ, उजवीकडच्या कच्छी काकूंशी गुजराती, माझ्याशी मराठी. सगळ्या भाषांत भाव एकच, आणि एकाही भाषेत तो कमी करायला तयार नव्हता.

खरी परीक्षा कॉफीच्या दुकानात. ताज्या दळलेल्या वासाने मी खूश होतो, तोवर प्रश्न आला, "प्लांटेशन की पीबेरी?"

यादीत नुसतंच 'कॉफी'. मी म्हटलं, "अर्धी अर्धी." (तडजोड हा जावयाचा स्थायीभाव.)

"कॉफीत चिकोरीची पूड किती टक्के?"

सासूबाईंना फोन लावला. वाजत राहिला, पूजेची वेळ. मागून वेष्टी नेसलेले आजोबा म्हणाले, "वीस." काकू म्हणाल्या, "चाळीस घाला, दाट होते." तिसऱ्या कुणाला चिकोरी हा शब्दच सहन होईना. दहावीच्या निकालानंतर माझ्या टक्क्यांवर इतक्या लोकांनी मत दिलं नव्हतं. मी वीसवर सही केली.

राहिला गजरा. मुळम म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. म्हणजे माप विकणाऱ्याच्या हातावर! मी लांब हाताची फूलवाली शोधत दोन फेऱ्या मारल्या. लोक बघायला लागले, तेव्हा समोर दिसली तिच्याकडून घेतला.

घरी सासूबाईंनी कॉफी हुंगली आणि मान हलवली. मी सुटकेचा श्वास टाकणार, तोच त्यांनी गजरा आपल्या हातावर धरला.

"चार बोटं कमी. माप्पिळ्ळै (म्हणजे जावईबापू), मोजताना तिची मूठ उघडी होती की मिटलेली?"