नाताळ, शिंपले आणि टँकरचं पाणी

मराठवाड्याला समुद्र नाही. आठ जिल्ह्यांपैकी एकाचीही हद्द खाऱ्या पाण्याला लागत नाही. तरीही दिवाळीची सुटी संपली की जालना-परभणीकडच्या कैक गॅलऱ्यांना मासळीबाजाराचा वास येतो. अलिबाग, गणपतीपुळे नाहीतर तारकर्ली करून आलेल्या मंडळींनी रेल्वेच्या बर्थखाली सरकवलेली पिशवी तिथं लटकत असते. आत दोन-अडीच किलो शिंपले, शंख, एक वाकडं लाकूड आणि चपलेतून आलेली वाळू. पिशवी टाकवत नाही आणि उघडवत नाही. मग डिसेंबर लागतो, घरातलं कोणीतरी मोबाइलवर बघतं आणि म्हणतं, "यंदा नाताळची सजावट घरीच करू."

करा. पण एक गोष्ट आधी कबूल करून टाकतो. आपल्याकडचे पिढीजात घरगुती उपाय शिंपल्यावर एकजात उलटतात.

पहिलं काम वासाचं. पेचदार शंखाच्या आतल्या वळणात जीव मरून वाळलेला असतो, वास त्याचा. (तोंडाशी घट्ट झाकण दिसलं किंवा आत काही हललं तर तो शंख किनाऱ्यावरच सोडायचा असतो, परभणीत आणून उपयोग नाही. प्रवाळाचे तुकडे तर उचलूच नयेत. प्रवाळ आणि काही मोठे शंख १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात.) सगळा माल साध्या पाण्यात दोन दिवस भिजवायचा आणि पाणी चार वेळा बदलायचं. अर्धी बादली धरली तरी तीस-बत्तीस लिटर पाणी झालं. ज्या गावात नळाला आठवड्याने पाणी येतं, तिथं शिंपल्यांच्या अंघोळीला बत्तीस लिटर मागून बघा. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं, हे घरातले वडीलधारे विसरलेले नाहीत, आणि त्या दिवशी तुम्हालाही विसरू देत नाहीत. मग काटकसर म्हणून कोणीतरी ते पाणी तुळशीला घालतं. घालू नका, त्यात मीठ आहे. संडासात ओता.

भिजवून झालं की कपड्यांचं ब्लीच आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात अर्धा तास. काळे डाग असतील तर दोन तास, त्यापुढे नाही. जास्त ठेवलं की अंगावरची चमक जाऊन शिंपला खडूसारखा होतो. हातात मोजे, खिडकी उघडी. आणि ‘लवकर निघेल’ म्हणून त्यात संडास साफ करायचं ॲसिड ओतायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि मग नाताळ दवाखान्यात.

आता खरा शत्रू. बादलीवर वाकून आजी विचारते, "काय शिजवायलीस गं?" सांगितलं, की तिचा सल्ला तयार असतो: "चिंच लाव. देवाची भांडी कशी निघत्यात!" देवाची भांडी पितळेची असतात, माय. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुना, खडू आणि संगमरवर यांचा सख्खा भाऊ. चिंचेतलं, लिंबातलं, ताकातलं आम्ल त्याला लागलं की बारीक बुडबुडे येतात. बघणाऱ्याला वाटतं मळ निघतोय. प्रत्यक्षात शिंपलाच विरघळत असतो आणि कार्बन डायऑक्साइड वर येत असतो. दहा मिनिटांत वरची नक्षी गुळमुळीत. व्हिनेगरचंही तेच.

शेवटचं खळबळणं बोअरच्या पाण्यात नको. आपलं बोअर इतकं क्षारयुक्त, की वाळल्यावर शिंपल्यावर पांढरी पुटं चढतात, आणि ती काढायला मन पुन्हा चिंचेकडेच वळतं. पिण्याच्या जारमधलं तांब्याभर पाणी पुरतं. वाळवण्याच्या बाबतीत मात्र आपण कोकणाच्या पुढे. डिसेंबरातली आपली कोरडी हवा दोन दिवसांत शंख आतपर्यंत वाळवते. मराठवाड्याच्या हवेला मिळालेलं हे बहुधा एकमेव प्रशस्तिपत्र.

मग भोक. इथं निम्मे शिंपले शहीद होतात. शिंपला पापुद्र्यांचा असतो आणि ड्रिलवर जोर दिला की पलीकडचा पापुद्रा खपलीसारखा उडतो. एक मिलिमीटरच्या बिटने सुरुवात, मग दीड किंवा दोन. वेग कमी. खाली कणकेचा घट्ट गोळा ठेवून शिंपला त्यात रुतवायचा, वर कागदी चिकटपट्टी लावायची म्हणजे बिट घसरत नाही, आणि भोकावर थेंब-थेंब पाणी सोडत राहायचं. पाण्याने बिट तापत नाही आणि पांढरी धूळ उडत नाही. ती छातीत जाऊ देऊ नका, तोंडाला मास्क बांधा. पाणी सोडायचं तर ड्रिल हाताने फिरवायचं बरं, विजेचं असेल तर मोटार भिजली नाही पाहिजे. तो गोळा नंतर पोळ्यांच्या कणकेत मिसळायचा नाही. हे सांगावं लागतं.

किंवा आळशी पण हुशार मार्ग: भोकवालेच शिंपले वेचायचे. दुपाखी शिंपल्याच्या बिजागरीजवळ कधीकधी सुबक गोल, वरून रुंद आणि आत निमुळतं भोक असतं. ते एका मांसाहारी समुद्री गोगलगायीचं काम. ती आम्ल सोडून शिंपला मऊ करते, खरखरीत जिभेने तासते, आणि बरेच तास खपून आतला जीव खाते. एवढी सफाई आपल्या गल्लीतल्या कुठल्याही ड्रिलवाल्याला जमत नाही. (हो, आम्लाने शिंपला विरघळतो हे तिला माहीत आहे, आजीला नाही.)

चिकटवणं. फेविकॉल गुळगुळीत शंखावर धरत नाही. फेवीक्विक धरतं, पण भोवती पांढरट धूर बसवतं आणि धक्का लागला की टचकन सुटतं. ग्लू गनचा गोंद नाताळात झकास वाटतो. त्याचा निकाल मे महिन्यात लागतो. पत्र्याखालच्या माळ्यावर तो मऊ पडतो, आणि पुढच्या डिसेंबरात डबा उघडल्यावर देवदूताचे पंख एकीकडे, धड दुसरीकडे. दोन नळ्यांचं अराल्डाइट घ्या. दोन्ही नळ्यांतून सारखं घ्यायचं, ‘हे जरा जास्त म्हणजे पक्कं’ असा हिशेब केला की जन्मभर चिकचिक. सावकाश धरणारं असेल तर रात्रभर लागतं, आणि परभणीच्या थंडीत त्याहून जास्त. जिथं चिकटवायचं तिथं आधी सँडपेपर फिरवा.

आता काय बनवायचं. सगळ्यात देखणी होते ती चांदणी: सारख्या लांबीचे पाच निमुळते पेचदार शंख, टोकं बाहेर, मध्ये सपाट बटण, दोन शंखांमध्ये ७२ अंश. कागदावर कंपासपेटीने आखून घ्या. नजरेने लावलं तर चांदणी लंगडी होते. देवदूताला लांबट शंखाचं धड, दोन जुळ्या शिंपल्यांचे पंख, मोत्याचं डोकं. त्रिकोणी शिंपल्याचा सांता सोपा: टोकाला लाल ॲक्रेलिक रंग, मध्ये चेहरा, खाली दाढी. दाढीला कापूस आपल्याकडे घरचा, वेचणीचे दिवसच असतात. फक्त सरकी नीट काढा, नाहीतर सांताला चामखीळ येते. झाडावर बर्फ म्हणूनही लोक तोच कापूस पसरतात. दिव्यांच्या माळेला तो टेकू देऊ नका, भुर्रकन पेट घेतो. वाकड्या लाकडाचे २०, १७, १४, ११, ८ आणि ५ सेंटिमीटरचे तुकडे सुतळीत ओवले की छोटं लटकतं झाड तयार.

वाळूचं प्रकरण वेगळं. मराठवाड्यात घरी वाळू म्हटलं की आधी तहसीलदार आठवतो, पण ही मूठभरच लागते. पारदर्शक प्लॅस्टिकच्या गोळ्यात भरायची. ओलसर भरली तर आतून बाष्प धरून गोळा आंधळा होतो. म्हणून ती धुवायची, मीठ घालवायचं (नाहीतर हवेतला ओलावा पुन्हा ओढते), आणि फुटाण्याच्या भट्टीसारखी जुन्या कढईत मंद आचेवर सुटी होईपर्यंत परतायची. पूर्ण गार करून भरायची. किती? आठ सेंटिमीटरच्या गोळ्यात दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम. हौसेने तिसरा हिस्सा भरला की गोळा दीडशे ग्रॅमच्या घरात जातो आणि प्लॅस्टिकच्या झाडाची फांदी मान टाकते.

चमक हवी म्हणून तेल लावायचं असेल तर सगळ्यात शेवटी. आधी लावलं तर ना रंग बसतो ना गोंद. आणि करडईचं नको. घरात तेच असतं हे मान्य, पण करडईचं तेल हवेत सुकून चिकट पापुद्रा धरतं, मग त्यावर गल्लीतली धूळ बसते आणि महिन्याभरात शिंपला भजीसारखा दिसतो. जवसाचंही तसंच. बेबी ऑइलचा एक थेंब फडक्यावर, बस.

झाडाचं म्हणाल, तर कुंडीतल्या अरोकेरियाच्या (नाताळात ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकतात त्या झाडाच्या) फांद्या हे वजन झेलत नाहीत. माझं मत वेड्या बाभळीच्या वाळक्या फांदीला. तिला पांढरा रंग द्या. काटे हुकसारखे कामाला येतात, वेगळी तार लागत नाही, आणि पाहुण्यांची पोरं हात लावत नाहीत. कानाला मोठा शंख लावून ती ‘समुद्र ऐकू येतो का’ बघतीलच. शंख भोवतालचाच आवाज घुमवतो, त्यामुळे आपल्याकडे त्यात टँकरची मोटार ऐकू येते.

उतरवताना अंड्यांच्या ट्रेमध्ये एकेका खळग्यात एकेक ठेवा. माळ्यावर नाही, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. खोक्यावर जाड पेनने लिहा: ‘आत शिंपले आहेत. चिंच लावू नये.’