ग्रुप काढणं सोपं आहे हो

परवा एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या संस्थेला म्हणे "सोशल मीडियावर यायचंय", किती खर्च येईल? म्हटलं खर्च काही नाही हो, पण रोज संध्याकाळी अर्धा तास फोन हातात घेऊन लोकांना उत्तरं देत बसेल असं माणूस आहे का तुमच्याकडे? तर म्हणाले तसं कुणी नाही, पण एक मुलगा आहे तो पोस्टर फार छान करतो.

इथेच अडतं सगळ्यांचं.

आमच्या वाचनालयाचंच सांगते. तालुक्याचं गाव, ब वर्ग वाचनालय, कार्यकारिणीत मी सगळ्यात लहान म्हणजे ४३ वर्षांची, त्यामुळे मोबाईलचं जे काही असेल ते माझ्या गळ्यात. ग्रुप मात्र माझ्या आधीच निघालेला. कसा, तर सभासदांच्या रजिस्टरमधले नंबर बघून बघून सगळ्यांना उचलून आत टाकलं, विचारलं कुणालाच नाही. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपात २५६ च माणसं मावायची म्हणून "वाचनालय २" पण काढला, केवढा तो उत्साह. पहिल्याच आठवड्यात पटापट माणसं लेफ्ट झाली, उरलेल्यांनी म्यूट केलं, आणि मग गुलाबाच्या फुलांसकट शुभ सकाळ, मग राजकारणाचे फॉरवर्ड, मग एका रात्री साडेअकराला दोन निवृत्त मास्तर एकमेकांची अक्कल काढतायत आणि बाकीचे गुपचूप वाचतायत. आमचे सचिव हादरले. अ‍ॅडमिनला तुरुंगात टाकतात अशी तेव्हा सगळीकडे हवा होती ना (पुढे २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने सांगितलं की सभासदाने काहीबाही टाकलं म्हणून अ‍ॅडमिन आपोआप दोषी होत नाही, पण तोवर सगळ्यांची झोप उडालेलीच). २०१८ मध्ये ते फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असं सेटिंग आलं आणि ते आमच्याकडे लगेच लागलं.

मग काय, शांतता. दोन वर्षं नुसतं "उद्या वाचनालय बंद राहील" आणि श्रद्धांजल्या. तेव्हा मेसेजवर इमोजी द्यायची सोय पण नव्हती, म्हणजे एखादे काका गेल्याचं कळलं तरी नुसतं वाचायचं, हात जोडायचे तर फोनसमोरच जोडायचे. फेसबुक पेजबद्दल न बोललेलं बरं. अठराशे लाईक आणि पोस्टला चार, त्यातले दोन कार्यकारिणीचे, एक माझा. त्याच २०१८ मध्ये फेसबुकने घरचे-मित्र वर आणि पेजेस खाली असं करून टाकलं, त्यामुळे पैसे भरल्याशिवाय पेज फारसं कुणाला दिसत नाही हे मी सचिवांना अजूनही समजावतेय.

सगळं बदललं ते दिवाळी अंकांमुळे. योजना सगळ्यांना माहीत असेलच, जादा वर्गणी भरायची आणि दोन-तीन महिने अंक बदलून बदलून वाचायचे. पण सगळ्यांना हवे असतात तेच चार-पाच, आणि ते कुणाकडे अडकलेत हे शोधताना ग्रंथपाल मॅडमचा जीव जातो. कोविडनंतरच्या दिवाळीत मी सचिवांच्या हातापाया पडून "फक्त अंकांपुरता" ग्रुप उघडून घेतला आणि विचारलं, तो अमुक अंक कुणाकडे आहे? एक मिनिटात सत्तरीच्या एका आजींचा मेसेज, "माझ्याकडे आहे, ३८ पानावर आहे, परवा देते". त्यावर कुणीतरी, "सावकाश होऊ द्या आजी, फक्त शेवट सांगू नका". झालं, त्या रात्री साठ-सत्तर मेसेज. कुठला अंक यंदा पार घसरलाय, कुठल्यात जाहिरातीच जास्त, सगळं. आमचा एक रिक्षावाला सभासद आहे, चार वर्षांत ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं त्याने, तो म्हणाला मी त्याच रस्त्याने येतो, अंक घेऊन येतो.

तेव्हापासून मी "आपले अभिप्राय जरूर कळवा" लिहिणं बंद केलंय. त्याला कोण काय कळवणार? त्यापेक्षा "रहस्यकथांच्या कपाटात खालच्या खणाला वाळवी लागलीय, रविवारी दहाला कोण येतंय" असं टाकते. अकरा जण येतो म्हणाले, सात आले, चहा मात्र अकरांचा झाला. आणि नवीन माणसाने पहिल्यांदा काही लिहिलं तर तासाभरात त्याला कुणीतरी बोललंच पाहिजे, कुणी नाही तर मी. पहिला मेसेज कोरडा गेला की तो माणूस परत लिहीत नाही, बघा तुमच्या ग्रुपात.

गप्प बसणाऱ्यांवर चिडायचं पण सोडलंय. लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सनने २००६ मध्येच ऑनलाइन गटांचा ढोबळ हिशोब मांडलाय, शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ कधीमधी बोलतात, एक सतत लिहितो. वाचनालयातही तेच की, पेपर सगळे वाचतात, संपादकांना पत्र लिहिणारे जोशी मास्तर एकच!

मायबोली ही मराठी गप्पांची वेबसाइट बघा, १९९६ ची, म्हणजे फेसबुकच्या आठ वर्षं आधीची. तिथल्या लोकांनी गेट टुगेदरचं "गटग" केलं, वर्षाविहाराचं "ववि" केलं, आणि हे वविचे घाट सभासदच घालणार. कुठल्या मार्केटिंगवाल्याला सुचलं असतं हे? आमच्याकडे पण आता एक शब्द रुळलाय. कुणी उशीर करत असेल, काम अर्धवट असेल तर "३८ वर आहे" म्हणायचं. नवीन सभासदांना कळत नाही, मग कुणीतरी हौसेने आजींची गोष्ट सांगतं.

काल मीटिंगमध्ये सचिव म्हणाले, आता इन्स्टाग्राम पण काढू या. मी म्हटलं काढू, पण तिथे उत्तरं कोण देणार ते आधी ठरवा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सध्या ३८ वर आहे.