खाद्यात प्रोबायोटिक घातले की माशांना रोग होत नाही? त्या संदेशातले दावे तपासू

मत्स्यशेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सतत फिरतो: "खाद्यात प्रोबायोटिक कालवा, माशांना रोगच होणार नाही. पाण्याकडे बघायची गरज नाही. घरचे दहीही चालते. मरतूक सुरू झाली तर मात्रा दुप्पट करा." खाद्यातून प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणू किंवा यीस्ट, द्यावे याच मताचा मी आहे. म्हणूनच या संदेशाची जास्त काळजी वाटते.

पहिला दावा रोगाचा. प्रोबायोटिकमधले बॅसिलस आणि लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू किंवा यीस्ट आतड्यात रोगजंतूंची जागा आणि अन्न अडवतात, पचनाला मदत करतात, माशाची प्रतिकारशक्तीही वाढवतात. एरोमोनास जिवाणूविरुद्ध रोहू आणि तिलापियावर झालेल्या प्रयोगांत मरतूक कमी झालेली दिसली आहे. कमी झाली, थांबली नाही. शिवाय प्रत्येक त्रास जिवाणूंचा नसतो. मासा तळ्याच्या कडेला अंग घासत असेल तर त्याला हातात घेऊन परांच्या बुडाशी पाहा. चपटी, जवळजवळ पारदर्शक टिकली सरकताना दिसली तर ती अर्गुलस, म्हणजे माशाची ऊ. पोटातले जिवाणू तिला काही करत नाहीत.

पाण्याचा दावा सर्वांत घातक आहे. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पाण्यातला ऑक्सिजन संपत आलाय. रात्री शेवाळही ऑक्सिजन वापरते, म्हणून ही वेळ वाईट. अशा वेळी एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारे यंत्र, चालवायचा, ताजे पाणी सोडायचे, खाद्य बंद ठेवायचे. त्याच घाईत कुणी प्रोबायोटिकची पूड तळ्यात ओतली, तर ते जिवाणू तळाची घाण कुजवताना उरलासुरला ऑक्सिजनही खातात. दाट साठवण आणि जास्तीचे खाद्य यांमुळे वाढलेला अमोनियाही खाद्यातल्या पुडीने उतरत नाही.

आता दही. विरजणातले जिवाणू दुधात आणि उबेत वाढणारे. थंडीत दही लागायला किती उशीर होतो हे प्रत्येक घराला ठाऊक आहे, आणि थंड पाण्यातल्या माशाचे पोटही तितकेच थंड असते. दह्यात किती जिवंत जिवाणू आहेत तेही कळत नाही. वर ओलसर खाद्याला बुरशी लागते ती वेगळीच.

मात्रा दुप्पट करूनही मरतूक थांबत नाही. प्रयोगांत साधारणपणे 1 ग्रॅम खाद्यात दहा लाख ते दहा कोटी जिवंत जिवाणू, तेही काही आठवडे सलग, दिलेले असतात. बहुतेक जिवाणू आतड्यात कायमचे मुक्काम करत नाहीत. देणे थांबले की कमी होतात. आणि सोबत प्रतिजैविक चालू असेल तर ते यांनाही मारते. मरतूक सुरू झाली की नुकताच मेलेला किंवा मरायला टेकलेला मासा बर्फात घालून तपासणीला न्या. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही प्रतिजैविके तर मत्स्यशेतीत बंदच आहेत, कुणाच्या सांगण्यावरून वापरू नका.

द्यायचेच तर नीट द्या. गोळी खाद्य तयार होताना वाफेच्या उष्णतेत लॅक्टोबॅसिलस मरतो. बॅसिलसचे बीजाणू, म्हणजे त्याचे कवचबंद सुप्त रूप, बरेच तग धरतात. म्हणून पूड थोड्या तेलात किंवा क्लोरीन नसलेल्या गार पाण्यात कालवून तयार गोळ्यांवर शिंपडा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी खाऊ घाला. पाकिटावर जिवाणूचे नाव, प्रति ग्रॅम संख्या आणि मुदतीची तारीख नसेल तर ते पाकीट दुकानातच ठेवा.