तेल महागलं म्हणून मुंबई हायचं उत्पादन वाढत नाही

कच्चं तेल शंभर डॉलरवर गेलं की एक मेसेज हमखास फिरतो: 'आता मुंबई हायमधून दुप्पट तेल उपसणार, पेट्रोल स्वस्त होणार.' यातलं काहीच खरं नाही.

मुंबई हाय म्हणजे अरबी समुद्रातलं तेलक्षेत्र. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर तिथे 1974 साली 'सागर सम्राट' रिगने विहीर खणली, तेल लागलं. ऐन भराचा काळ 1980च्या दशकाअखेरीसच सरला. आता चुनखडीच्या थरातला दाब टिकवायला समुद्राचंच पाणी आत सोडावं लागतं, आणि तेलाबरोबर तेही वर येतं. दर चढला म्हणून तोटी फिरवली, असा हा मामला नाही. नवी विहीर म्हणजे रिग, प्लॅटफॉर्म, पाइपलाइन. त्यात वर्षं जातात (मधे पावसाळाही असतोच).

2011 ते 2014 दर शंभर डॉलरच्या आसपास होते. तरी मुंबई हाय धरून देशाचं वर्षाचं उत्पादन 3.8 कोटी टनांवरून किंचित घसरलंच. 2022-23मध्ये ते 2.9 कोटींवर आलं. चढ्या दराने जुन्या विहिरींची डागडुजी परवडते, एवढंच.

आणि स्वस्ताई? इथलं तेलही जागतिक दरानेच विकलं जातं. जुलै 2022मध्ये तर सरकारने त्यावर टनामागे 23,250 रुपये जादा कर लावला होता.