जलदिन साजरा करताना घ्यावयाची काळजी

सर, २२ मार्च तोंडावर आलाय. जागतिक जलदिनाचं पत्र वरून आलंच असेल आणि फोटोसह अहवाल त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकायचा असेल. मराठवाड्यात हा दिवस बरोबर मोक्यावर येतो. विहिरींनी नुकताच तळ दाखवलेला असतो.

आधी घोषवाक्य. 'दात घासताना नळ बंद ठेवा' हे फळ्यावर ठळक लिहा. एखादं पोरगं विचारील, "सर, आमच्याकडं नळ आठ दिवसाला येतो, बंद कधी करायचा?" त्याला खाली बसवा. पुस्तकातला नळ वेगळा, गावातला वेगळा.

हजेरी घेऊ नका. मुली निम्म्या नसतात, टँकरपाशी हंडे लावून बसलेल्या असतात. ज्यांच्या घरी आंघोळीचं पाणी धुण्याला आणि धुण्याचं परसातल्या कढीपत्त्याला जातं, त्यांना पाण्याची काटकसर शिकवायला जिगर लागते. ती तुमच्यात आहे.

नाथषष्ठीही याच सुमारास येते, म्हणून पैठणची गोष्ट जरूर सांगा. श्रीखंड्या झालेला देव कावडीनं पाणी आणून एकनाथांचा रांजण भरायचा. पैठणच्या वाड्यात तो रांजण भाविक आजही भरतात. गोष्ट रंगली की थांबा, नाहीतर मागच्या बाकावरून एखादी विचारील, "सर, श्रीखंड्या पोरगाच होता ना? मग आमचा दादा का जात नाही पाण्याला?" अशा वेळी घंटा लवकर वाजवण्याची सोय करून ठेवावी.

प्रश्नमंजूषेत 'पाणी कुठून येते?' हा प्रश्न नको. लातूरकडची पोरं 'मिरजेहून, रेल्वेनं' लिहितात आणि चूक देता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये पहिली गाडी १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन आली होती. आजच्या दुसरीतल्या पोरांचा तेव्हा जन्मही नव्हता, पण घरोघरी ती कथा रामायणासारखी चालते.

प्रमुख पाहुणे साखर कारखान्याचे संचालक असावेत. देणगी मिळते. ऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पितो आणि आपल्याकडं पाऊस सरासरी सात-आठशे पडतो, हे गणित त्या दिवशी फळ्यावर नको. वजाबाकी पाहुण्यांसमोर बरी दिसत नाही. बाकीचं पाणी बोअरमधून येतं. भूजल कायद्यात ६० मीटरची मर्यादा आहे म्हणे. बोअरच्या गाडीवाल्याला ती बहुधा कुणी वाचून दाखवली नसावी.

विज्ञानाचा प्रयोग हवाच असेल तर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करा. टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, पडलेली असेल तर नमुना पिवळा होतो. तसाच राहिला तर 'रसायन जुनं आहे' म्हणा. स्टाफरूममधल्या जारचा नमुना मात्र पोरांच्या हाती देऊ नका. गुरुजन जारचं का पितात, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

शेवटी वृक्षारोपण. खड्डा गेल्या वर्षीचाच वापरा, तो रिकामाच आहे.

आभारप्रदर्शन लांबवू नका. टँकरचा हॉर्न वाजला की मंडप रिकामा होतो, आणि सगळ्यांत पुढं आपला शिपाई पळतो, माइक हातात तसाच.